तुम्ही विचारलेत म्हणून: शाळूच्या सांगलीत पिझ्झ्यासाठी प्रीमिक्स कशाला?

माझ्या मुलीला सीलिअ‍ॅक आजार आहे. गहू, जव आणि राय यांतले ग्लूटेन पोटात गेले की तिच्या लहान आतड्याला इजा होते. त्यामुळे आमच्याकडे पिझ्झा घरीच होतो, आणि तो खाताना पाहुणे हमखास विचारतात, की जतकडचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, घरात असताना बेससाठी महागडे ग्लूटेनमुक्त प्रीमिक्स कशाला आणता?

ज्वारीत ग्लूटेन नसते हे खरेच आहे. पण ती गिरणीत गेली की प्रश्न सुरू होतो. ज्वारीची चक्की वेगळी असली, तरी शेजारी दिवसभर गहू दळला जात असतो, त्याचे पीठ हवेत उधळून सगळीकडे बसते आणि डब्यात पीठ भरायचा पत्राही बहुधा एकच असतो. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे चिमूटभर गव्हाचे पीठसुद्धा जास्तच. म्हणून भाकरीसाठी आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा दाणा कधी पडू दिला नाही.

मग त्याच पिठाचा बेस का नाही? भाकरीचे पीठ आधणाच्या पाण्याने चिकट होते आणि थापण्यापुरते एकजीव राहते, पण यीस्टमुळे तयार होणारा वायू धरून ठेवण्याइतका ताण त्याला नसतो. गव्हात ते काम ग्लूटेन करते. प्रीमिक्समध्ये तांदळाचे पीठ, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च आणि त्यांना बांधून ठेवणारा झँथन गम किंवा इसबगोल असतो, आणि पैसे खरे तर या बांधणीचेच असतात.

पाकिटावर लिहिलेले पाणी पाहून पुष्कळांचा हात आखडतो, कारण पीठ थालीपिठाच्या पिठाहूनही सैल दिसते. पण तेवढे पाणी घालावेच. इसबगोल ते हळूहळू शोषून घेतो आणि अर्ध्या तासात पीठ आपोआप आळते. ते मळायचे नसते. तेल लावलेल्या बटर पेपरवर ओल्या तळव्याने मधून कडेकडे थापत न्यावे, कड किंचित जाड ठेवावी आणि पडलेल्या भेगा बोटाला पाणी लावून लगेच मिटवाव्यात, नाहीतर भाजताना त्या उघडतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सॉस लावण्याआधी नुसता बेस चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये २२० अंशांवर १० ते १२ मिनिटे भाजावा. वरचा भाग कोरडा दिसू लागला आणि कडेला रंग चढू लागला, की मगच टोमॅटो आणि चीज घालावे. ही पायरी गाळली तर सॉसखालचा थर कच्चा आणि चिकट राहतो.

वरच्या भाज्या परतताना हिंग मात्र घालू नये, कारण डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. लाकडी पोळपाट-लाटणेही पोळ्यांचे वापरू नये.

शाळूवर माझाही जीव आहे, म्हणून प्रीमिक्सचा पाचवा हिस्सा काढून त्याऐवजी मी घरघंटीचे शाळूचे पीठ घालते आणि पाणी चमचाभर वाढवते. कड खरपूस होते आणि स्टार्चची सपक चव जाते. मात्र याहून अधिक घातले तर तुकडा उचलताना मधोमध मोडतो.