दोन घोड्यांसाठी ट्रेलर निवडताना : माझा अनुभव

ट्रेलर पाहायला बाहेर पडण्याआधी टेप घेऊन तबेल्यात गेलो. घोडी खांद्याशी ६० इंच, घोडा ६२. दोन्ही मारवाडी जातीचे, प्रत्येकी साधारण ४०० किलो. मारवाडी मान उंच धरतो, त्यामुळे आतून ७ फुटांपेक्षा कमी छत नकोच. एका घोड्याला रुंदी पावणेतीन फूट, छातीच्या दांडीपासून मागच्या दांडीपर्यंत सात फूट, आणि पुढे डोक्यासाठी आणखी तीन. दोघांचं मिळून आतलं माप १० बाय ६.

कोल्हापुरात पिकअपच्या हौद्यावर पिंजरा बांधून घोडा नेतात, स्वस्तही पडतं. अडचण चढ-उताराची. हौदा जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर. नुसता फाळका टाकला तर उतार खडा होतो, घोडा चढताना कचरतो आणि उतरताना उडी मारतो. पाय दुखावतात ते तिथेच. ट्रेलरचा तळ दीड फुटावर, पाच फुटी फळी पुरते. म्हणून ट्रेलर ठरवला.

मग वजन. लोखंडी रिकामा ट्रेलर ९०० किलो, घोडे ८००, वैरण-पाणी १००. म्हणजे १,८०० किलो. ओढणाऱ्या गाडीची क्षमता तिच्या पुस्तकात पाहायची, विकणाऱ्याच्या शब्दावर नाही. ऊस-गुळामुळे आपल्याकडे वजनकाटे जागोजागी आहेत, तिथे रिकामा ट्रेलर चढवून खात्री करता येते. गाडी आणि ट्रेलरच्या जोडावर ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा यावा. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटासारखा हलतो. जास्त आला तर गाडीची मागची बाजू बसते आणि स्टिअरिंग हलकं होतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. आंबा घाटात उतरताना सगळा भार ओढणाऱ्या गाडीच्या ब्रेकवर टाकणं म्हणजे घोड्यांच्या जिवाशी खेळ.

सर्वात जास्त वेळ मी तळाला दिला. रबरी मॅट उचलून दाखवायला सांगा; नकार मिळाला तर पुढे बोलूच नका. घोड्याच्या मुताने लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, आणि हे मॅटखाली दिसत नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फळीत सहज घुसलं तर ती फळी गेली. ट्रेलरखाली आडवं होऊन आडव्या अँगलचे जोडही बघावे लागतात. हे अँगल फूट-फूट अंतरावर असावेत. नुसती चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा लोखंडी पत्रा) ओली झाली की नाल मारलेला खूर सरकतो. १८ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय आणि वर जाड रबर हे मला योग्य वाटलं. मॅट दर फेरीनंतर काढून तळ धुवायचा. आपल्या पावसात हे टाळलं तर दोन-तीन वर्षांत तळ बदलावा लागेल.

दोन घोड्यांमधला पडदा तळापर्यंत नसावा. वळणावर तोल सांभाळायला घोडा पाय फाकवतो. जागा नसली की स्वतःच्याच खुरावर पाय देतो, घाबरतो, लाथा झाडतो. जमिनीपासून दीड-दोन फूट मोकळं ठेवून खाली जाड रबर लोंबतं सोडतात.

दोरी एवढी लांब हवी की नाक छातीपर्यंत खाली येईल. तासन् तास मान वर बांधली तर श्लेष्मा निचरत नाही आणि फुप्फुसाला संसर्ग होतो. तीन-चार तासांनी थांबून पाणी द्यायचं. खिडक्या दोन्ही बाजूंना व छताला झरोका हवा, पण चालत्या ट्रेलरातून डोकं बाहेर काढू देऊ नका, डोळा जातो.

१९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांनुसार घोडे नेणाऱ्या मालवाहू गाडीचा वेग ताशी ३५ किमीपेक्षा जास्त नसावा आणि सोबत एक माणूस हवा. त्या वेगाने कोल्हापूरहून पुण्याला सात तास लागतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जायचं तर मध्ये मुक्काम धरा. शिवाय ट्रेलर स्वतःच वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, चांगलं काम करून मिळतं, पण आगाऊ रक्कम देण्यापूर्वी आरटीओत नोंदणीचं नक्की करून घ्या.

चढवताना आधी मागची दांडी लावायची, मग दोरी बांधायची. उतरवताना आधी दोरी सोडायची. एकच घोडा असेल तर उजव्या कप्प्यात, कारण रस्ता डावीकडे उतरता असतो.