डीप पर्पल ऐकायचं ते पेटीच्या कानानं

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घरात पेटी असणं नवलाचं नाही. बेळगाव तर रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्या पेटीवादकाचं गाव. तरी इथले रॉकवेडे डीप पर्पल हा इंग्लिश रॉक बँड लावतात तो गिटारसाठी, आणि १९७२ च्या ‘मशीन हेड’ या अल्बमपाशी थांबतात. त्यापुढचं ‘खरं पर्पल’ नव्हे, असं ठामपणे सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. गिटारवाले आणि गायक बदलत गेले, पण जॉन लॉर्डचा विजेवरचा हॅमंड ऑर्गन १९६८ पासून बँड मोडेपर्यंत, आणि पुन्हा जुळल्यावर २००२ पर्यंत तोच राहिला. तो धागा धरला की सगळे काळ एका माळेत येतात.

आधी कान तयार करायला ‘मशीन हेड’मधलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ पेटीवर काढा. पांढरी पाच सा धरा. वाक्य असं: सा, कोमल ग, म, सा, कोमल ग, तीव्र म, म, सा, कोमल ग, म, कोमल ग, सा. नुसतं एवढंच वाजवलं तर पोकळ वाटतं, कारण मूळ गिटारवर दोन तारा एकदम छेडलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक सुराखाली त्याचा चौथा सूर दाबा: सा बरोबर मंद्र प, कोमल ग बरोबर मंद्र कोमल नि, म बरोबर सा, आणि तीव्र म बरोबर कोमल रे. इथंच बहुतेकांचं चुकतं. हात सवयीनं वरच्या पंचमावर जातो, आणि वाक्य जड, गढूळ होतं. गिटारवरही तसंच: डी आणि जी या दोन तारा, पडदे ०-३-५ (० म्हणजे मोकळी तार), ०-३-६-५, ०-३-५-३-०, आणि प्लेक्ट्रमनं खरवडण्याऐवजी दोन बोटांनी एकदम ओढायच्या.

दुसरी चूक लयीची. पूर्ण वाक्य १६ मात्रांचं, तीनतालाएवढं. पण दुसरा तुकडा पाचव्या मात्रेवर सुरू होत नाही, चौथीच्या निम्म्यावरच सा येतो. तो पाचवीपर्यंत थांबवला की सगळी ऐट जाते. हातानं टाळी देत चार-पाच वेळा म्हणून बघा, मग वाजवा.

आता मूळ रेकॉर्डिंग ऐका. आधी एकटी गिटार, मग ऑर्गन येतो आणि तेच वाक्य उचलतो. खूप जणांना ती दुसरी गिटारच वाटते, कारण लॉर्ड हॅमंड थेट गिटारच्या मार्शल अँपमधून वाजवायचा, आणि अँप ताणला की ऑर्गनचा आवाज गिटारसारखा फाटतो. (पेटीत पितळी रीड वाऱ्यानं थरथरते, हॅमंडमध्ये दातेरी चाकं तारेचं वेटोळं घातलेल्या चुंबकापुढं फिरतात. भाता नाही, म्हणून सूर कितीही वेळ टिकतो.) ऐकताना मोबाइलवरचा बास बूस्ट बंद ठेवा. ऑर्गन आणि गिटार मधल्या पट्टीत एकमेकांना खेटून असतात, आणि वाढवलेला बास दोघांनाही झाकतो.

पहिला संच १९६८ चा, गायक रॉड इव्हान्स. ‘हश’मधला ऑर्गन मोकळा, नाचरा आहे. १९६९ मध्ये गायक इयन गिलन आणि बास गिटारवर रॉजर ग्लोव्हर आले आणि त्याच वर्षी लॉर्डनं लिहिलेला कॉन्सर्टो, म्हणजे बँड आणि ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ऑर्केस्ट्रासह झाला. पुढच्याच वर्षी ‘इन रॉक’ हा अल्बम, एकदम आडदांड. हा संच ऐकायला सुरुवात ऑगस्ट १९७२ च्या मैफलींच्या ‘मेड इन जपान’ या अल्बमपासून करा. ‘हायवे स्टार’मध्ये ऑर्गनचा सोलो गिटारच्या आधी येतो, ‘लेझी’ची सुरुवातच लॉर्ड करतो.

१९७३ मध्ये गिलन-ग्लोव्हर गेले, डेव्हिड कव्हरडेल आणि ग्लेन ह्यूज आले. इथं लोकांचं मन मोडतं. पण आपल्याकडच्या माणसाला हे कळायला जड जाऊ नये. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, तरी त्यांची नाटक मंडळी चाललीच. भाऊराव कोल्हटकर, पुढं बालगंधर्व. प्रत्येकाची गायकी वेगळी. तसंच ‘बर्न’ ऐका: दोन गायक, एक भारदस्त, एक चढ्या गळ्याचा, आणि गिटारच्या सोलोनंतर लॉर्डचा ऑर्गन धावत येतो. १९७५ मध्ये पहिल्यापासूनचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर गेला, टॉमी बोलिन आला, ‘कम टेस्ट द बँड’ हा एक अल्बम झाला, १९७६ मध्ये बँड मोडला. हा एकच अल्बम मी शेवटी ऐकायला सांगेन.

१९८४ मध्ये बँड पुन्हा जुळला, ‘परफेक्ट स्ट्रेंजर्स’ आला. शीर्षकगीत ऑर्गननंच उघडतं, आणि तिथं अँपचा खरखरीत आवाज पुन्हा भेटतो. पुढं गिटारवर स्टीव्ह मोर्स १९९४ ते २०२२, म्हणजे ब्लॅकमोरपेक्षा कितीतरी जास्त वर्षं. ‘पर्पेन्डिक्युलर’ (१९९६) न ऐकता त्याला नावं ठेवणं अन्याय आहे. २०२४ च्या ‘=१’ वर सायमन मॅकब्राइडची गिटार आहे. ड्रमवर सगळ्या संचांत एकच माणूस, इयन पेस.

२००२ नंतर ऑर्गनवर डॉन एअरी आहे. लॉर्ड १६ जुलै २०१२ रोजी गेला, आणि २०१३ चा ‘नाऊ व्हॉट?!’ त्यालाच अर्पण केलेला आहे. त्यातलं ‘अबव्ह अँड बियॉन्ड’ लावा, आणि त्यात फक्त एअरीच्या हाताकडे कान ठेवा.