द्राक्षं, संत्री आणि डिस्नेलँड

आमच्या धाकटीने हट्ट धरलाय, डिस्नेलँड बघायचंच. जत्रेतला पाळणा तिला आता पुरत नाही. द्राक्षबागेची खरड छाटणी नुकतीच उरकलेली, हाताशी वेळ होता, म्हणून वाचत बसलो आणि भलत्याच गोष्टीत अडकलो.

डिस्नेलँड अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ज्या ॲनाहाइममध्ये आहे, ते गाव १८५७ साली जर्मन लोकांनी वसवलं ते द्राक्षांसाठी! म्हणजे आमचं तासगावच की. १८८० च्या दशकात रोग आला आणि बागाच्या बागा वाळून गेल्या. तुडतुड्याच्या जातीची कीड तो पसरवते म्हणे. डावणी रोगाने द्राक्षाचे घड गेलेले मी पाहिलेत, त्यामुळे इथे थोडा वेळ मोबाइल खालीच ठेवला.

मग तिथे संत्री आली. त्यातली १६० एकर वॉल्ट डिस्नेने घेतली आणि वर्षभरात सगळं उभं करून १७ जुलै १९५५ ला पार्क उघडलं. पहिल्या दिवशी उन्हाने नवं डांबर मऊ झालं, बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप झालेला, म्हणून प्यायच्या पाण्याचीही बोंब.

तरी लोक येतच राहिले. पण भोवतालच्या जमिनीवर दुसऱ्यांनीच पीक काढलं. मोटेलांची रांग लागली आणि त्यातला पैसा डिस्नेच्या हाती नाही. हे त्याला इतकं लागलं की पुढे फ्लोरिडात त्याने गुपचूप, वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी सुमारे २७,००० एकर घेऊन ठेवली.

रात्री आबांना हे सांगितलं. बेदाणा निवडता निवडता ते म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. त्या संत्रीवाल्यांना एकरी काय मिळालं?"