रिंग जाते, पण फोन वाजत नाही

लातूरच्या एका दाल मिलच्या ऑफिसातलं २४ एक्स्टेन्शनचं जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातल्या फोनचं छोटं एक्स्चेंज. मृगाचा पहिला पाऊस झाला, रात्रभर लाइट ये-जा करत होती आणि सकाळी एकही फोन वाजेना. डायल टोन होता, बाहेर फोन लागत होते, आवाज स्वच्छ. फोन करणाऱ्याला रिंग ऐकू यायची, म्हणून काउंटरवरच्या पोराला ‘फोन उचलत नाहीस’ अशी बोलणी बसत होती. त्याचा काहीच दोष नव्हता. पलीकडे ऐकू येणारी रिंग एक्स्चेंज स्वतः तयार करतं. इथला फोन वाजला की नाही, याच्याशी तिचा संबंध नसतो.

सगळेच मुके झाल्यावर एकेका फोनचं रिंगरचं बटण बघत बसण्यात अर्थ नाही. क्रोनवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, मल्टिमीटर लावला: फोन ठेवलेला असताना ४८ व्होल्ट डीसी. ठीक. मीटर एसीवर घेऊन तोच नंबर दुसरीकडून फिरवायला लावला. ७० ते ७५ यायला हवेत, आले ११. जंपर, म्हणजे क्रोनवरची जोडतार, काढून थेट एक्स्चेंजच्या कार्डाच्या बाजूला मोजलं, तरी ११. म्हणजे वायरिंग नाही, रिंगचा सप्लायच बसलेला.

मेन बंद करून दहा मिनिटं थांबलो. मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० च्या वर व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून आधी तिथं मीटर, मगच हात. रिंगच्या भागातला २२ मायक्रोफॅरड, १६० व्होल्टचा कपॅसिटर वरून फुगलेला, बुडाशी तपकिरी चिकट डाग. असे थकलेले कपॅसिटर सप्लाय चालू असेपर्यंत ओढतात. बंद होऊन थंड झाले की पुन्हा उठत नाहीत. १०५ डिग्रीपर्यंत उष्णता सोसणारा नवा घातला, रिंग ७२ वर आली.

वजनकाट्यावरचा फोन मात्र एकदा ‘टिंग’ करून गप्प, आणि कॉल उचलल्यासारखा जोडला जायचा. ही ओल. त्या फोनकडे जाणारी तारांची जोडी दोन्ही टोकांनी सोडवून मोजली तर दोन तारांमध्ये ४० किलोओहम. कोरडी जोडी मेगाओहममध्ये दाखवते. ४८ व्होल्टला या गळतीतून जेमतेम मिलिअँपिअरभर करंट जातो, तेवढं एक्स्चेंज सोसतं. रिंग देताना एसीचा उच्चांक आणि डीसी मिळून दीडशेच्या घरात जातात, ओल्या गंजातून करंट उसळतो आणि एक्स्चेंजला वाटतं, रिसीव्हर उचलला.

रोझेटमध्ये, म्हणजे फोनची तार जोडायच्या भिंतीवरच्या पेटीत, तुरीच्या चुरीचा ओला लगदा आणि स्क्रूंवर हिरवा गंज होता. रोझेट बदलली, तारेची काळी पडलेली टोकं दोन इंच मागून कापली. केबल वरून सरळ पेटीत उतरत होती, पाणीही तिच्याच अंगानं आत येत होतं. पेटीखाली झोल देऊन ती खालून आत घेतली, आता पाणी झोलावरच गळून पडतं. काट्यावर दहा वेळा रिंग दिली, दहाही वेळा फोन पूर्ण वाजला.