परी काळी नसते म्हणे

सप्टेंबरात लेकीच्या शाळेत गॅदरिंगचे रोल ठरत होते, हिला परी व्हायचं होतं तर वर्गातल्या एका पोट्टीनं सांगितलं की परी काळी नसते. घरी येऊन रडली नाही, चुपचाप माझी पावडर घेऊन आरशासमोर बसली. सहा वर्षांची आहे. पोटात असं कालवलं ना माझ्या, अन् काय बोलावं तेच सुचेना.

रात्रभर मला ती बाहुल्यांची टेस्ट आठवत राहिली. केनेथ अन् मॅमी क्लार्क, दोघं काळे नवराबायको, मानसशास्त्रज्ञ, त्यांनी १९४०च्या सुमारास अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या काळ्या लेकरांपुढे सारख्याच बाहुल्या ठेवल्या, फरक फक्त रंगाचा, अन् विचारलं चांगली कोणती. बहुतेकांनी गोरी दाखवली. मग विचारलं तुझ्यासारखी कोणती, तेव्हा काही लेकरं रडायला लागली. १९५४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या सरकारी शाळा बेकायदा ठरवल्या, त्या निकालात क्लार्कच्या कामाचा दाखला आहे.

पण कोर्ट घरी येऊन लेकराला जवळ घेत नाही, ते आपल्याच माणसांना करावं लागते. तिथल्या कितीतरी काळ्या घरांत १९६६ पासून क्वान्झा पाळतात, २६ डिसेंबर ते १ जानेवारी, रोज एक मेणबत्ती अन् रोज एक तत्त्व. पहिल्या दिवशी उमोजा म्हणजे एकी, दुसऱ्या दिवशी कुजिचागुलिया, म्हणजे आपण कोण हे आपणच ठरवायचं, आपलं नाव आपणच ठेवायचं. अन् लेकरांना भेट म्हणून पुस्तक देतात. हे वाचलं अन् मी एकदम दीक्षाभूमीच्या पुस्तकांच्या स्टॉलवर पोचले.

रंग अन् जात एक नाही हे मला कळते. पण बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतांना पत्र लिहिलं होतं, तिकडच्या काळ्या लोकांचं अन् इकडच्या आपल्या लोकांचं दुखणं किती सारखं आहे हे त्यांना तेव्हाच दिसत होतं.

तर यंदा दसऱ्याला हिला दीक्षाभूमीवर नुसतं दर्शनाला नाही नेलं, आमच्या इंदोरा वस्तीतल्या बायकांच्या जेवणाच्या स्टॉलवर दिवसभर ठेवलं, पाण्याचे ग्लास द्यायला. माझी आजी खुर्ची टाकून बसली होती, ती १४ ऑक्टोबर १९५६ ला, बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा, सोळा वर्षांची होती, पांढरं लुगडं नेसून तिथंच होती, अन् दर वर्षी तेच सांगते तरी ऐकावंसं वाटते. गावोगावच्या आयाबाया येत होत्या, रात्रभर प्रवास करून, माझ्या लेकीसारख्याच रंगाच्या, ताठ मानेच्या, अन् प्रत्येक जण वाकून हिला जयभीम बेटा म्हणे. हिचा आवाज आधी निघेचना, दुपारपर्यंत मात्र लांबूनच ओरडून राहिली होती, जयभीम, पाणी घ्या! मी समजावून सांगितलं असतं तर महिना लागला असता बाप्पा, अन् तरी तिला पटलं असतं का माहीत नाही.

पुस्तक तिनं स्वतः निवडलं, सावित्रीबाईंचं, चित्रांचं.

घरी आल्यावर आजीनं जुन्या तपकिरी ब्लाउजपीसची बाहुली शिवून दिली, काळ्या दोऱ्याचे केस. डिसेंबरात गॅदरिंग आहे. ही परीच होणार आहे, मी बाईंशी बोलून आले. पंख निळेच पाहिजे म्हणते, कापड सीताबर्डीवरून आणलं, आजी शिवून राहिली आहे.