स्टोनवेअरमधली ब्राउनी, वेंगुर्ल्याच्या ओटीजीत

"कडा करपतात आणि मधे कच्ची राहते, काय करू?" गावाकडून येणाऱ्या फोनवर ब्राउनीबद्दल हा प्रश्न ठरलेला. वेंगुर्ल्यात आता बऱ्याच घरांत ओटीजी, म्हणजे विजेवरचे छोटे ओव्हन, आलेत आणि मुलं ब्राउनीसाठी हट्ट धरतात. माझं उत्तर एकच: पत्र्याचा टिन बाजूला ठेवा आणि स्टोनवेअरच्या भांड्यात करून बघा. ह्या मे महिन्यात माहेरी येताना असं एक भांडं बॅगेत घालूनच आणलं. जड होतं, पण वहिनीला हातात देऊन दाखवायचं होतं.

स्टोनवेअर म्हणजे साधारण १२०० ते १३०० अंशांना भाजलेली माती. एवढ्या आचेवर मातीचे कण एकमेकांत वितळून बसतात आणि भांडं दगडासारखं घट्ट होतं. आपल्याकडच्या लोणच्याच्या बरण्या, त्या वर तपकिरी आणि खाली पांढऱ्या असतात ना, त्या ह्याच जातीच्या. मडकं कमी आचेवर भाजलेलं असतं, म्हणून ते पाणी पितं, पाझरतं. स्टोनवेअर तसं पाझरत नाही, आणि चांगल्या झिलईचं, म्हणजे काचेसारखा गुळगुळीत लेप दिलेलं, असेल तर लोणी-साखरेचा वासही धरत नाही.

ब्राउनीला ते का मानवतं? ॲल्युमिनियममधून उष्णता मातीच्या भांड्याच्या शंभराहून अधिक पट वेगाने जाते. पातळ टिन तापला की त्याला टेकलेल्या कडा लगेच शिजतात आणि मधला भाग मागे राहतो. मधलं होईपर्यंत कडा कडक. स्टोनवेअर तापायला वेळ घेतं, पण तापलं की सगळीकडून सारखी आच देतं. आमची आजी पातेल्यावर झाकण ठेवून वर निखारे घालून तवसोळी, म्हणजे काकडीचा केक, करायची, तिची आच अशीच संथ असायची. म्हणूनच ती तवसोळी कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी व्हायची.

शिकागोजवळ राहायला गेले तेव्हा शेजारच्या आजींच्या हातची ब्राउनी पहिल्यांदा खाल्ली. शिकागो तसं ब्राउनीचं माहेरच. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी बायकांच्या खाऊच्या डब्यात सहज मावेल असा गोड पदार्थ हॉटेलमालकाच्या पत्नी बर्था पामर यांनी पामर हाउस हॉटेलच्या स्वयंपाक्यांकडून करून घेतला, असं ते हॉटेल आजही सांगतं. आजींचं भांडं जुनं, वापरून वापरून आतून काळसर झालेलं, झिलई नसलेलं. त्याला त्या कधी साबण लावत नसत, गरम पाण्याने धुऊन नायलॉनच्या पट्टीने खरवडत. झिलई नसलेली माती साबण शोषून घेते आणि तो वास पुढच्या पदार्थाला लागतो. मी आणलेलं भांडं झिलईचं आहे, ते नेहमीसारखं घासायला हरकत नाही.

आता वेंगुर्ल्याच्या ओट्यावर. भांडं आठ इंची चौकोनी. तिकडे ९ बाय १३ इंची घेतात, पण घरगुती ओटीजीत ते मावणार नाही, आणि भांड्याच्या चारी बाजूंनी दोन बोटं हवा खेळायला हवी. ११५ ग्रॅम बटर, २०० ग्रॅम साखर, ६५ ग्रॅम मैदा, ४० ग्रॅम कोको, चमचाभर व्हॅनिला. अमूलचं पिवळं बटर घेतलं तर मीठ घालू नका, त्यात असतंच. अंडी तिकडच्या मापाने दोन. पण अमेरिकेतलं 'लार्ज' अंडं कवचासकट साधारण ५७ ग्रॅमचं असतं, आपलं गावठी अंडं त्यामानाने लहान, म्हणून मी इथे तीन घातली.

एका गोष्टीत कोकण शिकागोला हरवतं. तिकडे जानेवारीत कपाटातलं भांडं हाताला गार लागतं आणि अंडी फ्रीजमधली असतात. दोन्ही आधी काढून ठेवावी लागतात. इथे मे महिन्यात सगळं आपोआप तयार. बटर मऊ, अंडी कोमट. अंडी आणि साखर मात्र मन लावून फेटायची. साखर अंड्यात नीट विरघळली तरच वर ती कागदासारखी, चिरा पडलेली चकचकीत पापडी येते. मैदा घातल्यावर उलट हात आवरता घ्यायचा, पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. वरून आपल्या बागेतले काजू, हलके भाजून आणि जाडसर तोडून. अमेरिकेत अक्रोड घालतात. मला विचाराल तर वेंगुर्ल्याच्या काजूपुढे अक्रोड कडवटच.

भांडं बघताच वहिनीने विचारलं, "ह्यां भांडां गॅसार चलात काय गो?"

"नको गे वयनी, तडकतला."

हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. ज्वाळेवर एकाच जागी आच लागते, तिथली माती फुगते, बाजूची फुगत नाही, आणि भांड्याला तडा जातो. त्याच कारणाने ओटीजीतही ते खालच्या कॉइलला चिकटून ठेवायचं नाही, मधल्या कप्प्यात ठेवायचं. बाहेर काढल्यावर ओल्या कडाप्प्यावर टेकवायचं नाही, खाली लाकडी पाट घ्यायचा. आणि जत्रेत मिळणारी शोभेची भांडी ह्या कामाला नाहीत. तळाशी ओव्हनला चालतं असं लिहिलेलं असेल तेच घ्या.

ओटीजी १७५ अंशांवर आधी तापवून घेतला. पाककृतींत वेळ लिहिलेली असते ती बहुधा धातूच्या टिनची, वीस ते पंचवीस मिनिटं. स्टोनवेअरला तीस ते पस्तीस लागतात. पहिली वीस मिनिटं काहीच होत नाहीये असं वाटतं, तेव्हा दार उघडायचा मोह होतो. उघडू नका.

आमच्याकडे पंचवीसएक मिनिटं झाली आणि लाईट गेली. वहिनी धावत आली. "काढूया गो भायर, फुकट जातली." मी दार तसंच बंद ठेवायला सांगितलं. भांड्याने तोवर पोटात भरपूर उष्णता साठवलेली असते, ती ते सावकाश सोडतं. लाईट आल्यावर बघितलं तर कडा बसलेल्या, मध्य हलवला की जरा डुलणारा. अजून पाच-सात मिनिटं दिली. पातळ टिन असता तर तेवढ्या वेळात गार झाला असता. आपल्याकडे मे-जूनमध्ये लाईटचा खेळ चालू असतो, त्या दिवसांत ह्या भांड्याचा मला फार आधार वाटतो.

काढायची वेळ ओळखणं हे सगळ्यात महत्त्वाचं. काडी खुपसून बघा. कोरडी आली तर उशीर झालाय. तिला दोन-चार ओलसर कण चिकटलेले हवेत, पातळ पीठ नको. कारण भांडं बाहेर आल्यावरही बराच वेळ आतून शिजवत राहतं. ओव्हनमध्ये पूर्ण झालेली ब्राउनी पाटावर बसल्या बसल्या कोरडी होते.

मग कापायचं. शिकागोत ओट्यावरच ब्राउनी घट्ट बसते. इथे मे महिन्याच्या उकाड्यात आतलं बटर बसतच नाही, सुरी घातली की लगदा. म्हणून भांड्यात आधी बटर पेपर दोन्ही बाजूंनी वर येईल असा लांब घालायचा. पूर्ण निवल्यावर कागदाला धरून अख्खी ब्राउनी उचलायची आणि ताटलीत ठेवून अर्धा तास फ्रीजमध्ये. मग वड्या सुबक पडतात. दमट हवेने वरची पापडी संध्याकाळपर्यंत मऊ होते, म्हणून पाहुण्यांना खायला घालायची असेल तर त्याच दुपारी करा. उरलेली घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी कोकोचा स्वाद अजून खुलतो. गरम करायची असेल तर एकेक वडी वेगळी करा. ब्राउनीसकट भांडंच फ्रीजमध्ये ठेवलं असेल तर ते तसंच तापलेल्या ओटीजीत सरकवू नका, आधी बाहेर ठेवून हाताला गार लागेनासं होऊ द्या.