पंचवीस हजारांची एक चिप

पोकर टूर्नामेंटमधला डीलर पत्ते वाटतो, एवढंच बघणाऱ्याला दिसतं. खरं काम तोंडाचं असतं. कोणी किती लावले, पाळी कोणाची, कोणी पत्ते टाकले, हे खणखणीत आवाजात सांगत राहायचं आणि सांगताना चेहऱ्यावर काही म्हणजे काही उमटू द्यायचं नाही. वाईट पत्ता आला की दोष डीलरचा, चांगला आला की अक्कल खेळणाऱ्याची. पहिल्या वर्षी याचा त्रास व्हायचा, आता होत नाही.

मी मूळची कुडाळची. पणजीला मांडवीत नांगरलेल्या एका कॅसिनो बोटीवर पोकर रूममध्ये आहे. आधी ब्लॅकजॅक, मग रुलेट आणि मग पोकर, असं शिकत आले. आई शेजारीपाजारी 'हॉटेलात आहे' म्हणून सांगते, आणि एका अर्थी ते खोटंही नाही. धक्क्यावरून छोटी बोट आम्हाला नेते-आणते. गोव्याच्या रहिवाशांना फेब्रुवारी 2020 पासून कॅसिनोत खेळायला बंदी आहे, कामाला आहे त्यांनी यायचं तेवढं. त्यामुळे टेबलावर मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली, हैदराबाद. ऑगस्ट 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, तेव्हापासून हुडी घातलेली, कानात हेडफोन अडकवलेली तरुण मंडळीही जास्त दिसायला लागली आहेत. ती फार बोलत नाहीत, पण नियम त्यांना तोंडपाठ असतात. हे पुढे कामाला येणार आहे.

ज्यांना तीन पत्तीच माहीत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. टूर्नामेंटमधल्या चिपांना बाजारात किंमत नाही. त्या रात्रीच्या टूर्नामेंटची फी 20,000 रुपये होती, त्यात 30,000 च्या चिपा मिळायच्या. त्या संपल्या की बाहेर. सुरुवातीचे काही तास पुन्हा पैसे भरून आत येता येतं, नंतर तो दरवाजा बंद होतो. दर चाळीस मिनिटांनी ब्लाइंड्स वाढतात, म्हणजे पत्ते बघण्याआधीच दोघांनी पॉटमध्ये, मधल्या ढिगात, टाकायची सक्तीची रक्कम; लहान ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड. हे वाढणं हाच खरा शत्रू. चांगल्या पत्त्यांची वाट बघत गप्प बसलेला माणूस काहीही न हरता भिकेला लागतो.

त्या रात्री 248 एंट्र्या झाल्या होत्या आणि बक्षीस 31 जणांना. सीट 5 वर पुण्याचे एक काका होते, साठीच्या पुढचे, चौकटीचा शर्ट, खिशाला पेन. बसल्या बसल्या मला म्हणाले, "कुठल्या गं तुम्ही?" मी हिंदीत "सर, हँड चालू है" म्हटलं. उद्धटपणा नव्हता. हँड, म्हणजे डाव, चालू असताना आमच्याकडे इंग्रजी नाहीतर हिंदी, एवढंच चालतं. दोघांनी तिसऱ्याच भाषेत बोललेलं बाकीच्यांना कळलं नाही, तर त्यांना संशय येणारच. त्यात डीलरच मराठीत बोलायला लागली तर संपलंच. काकांना ते लागलं असावं, पण त्यांनी मान हलवली.

त्यांची ही दुसरी एंट्री होती. पहिली त्यांनी तासाभरात उडवली होती. दुसरीतही जेवणाच्या ब्रेकआधी त्यांच्यापुढे चार ब्लाइंड्सपुरत्या चिपा उरल्या होत्या. तेव्हा ते शेजारच्याला जॅक स्ट्रॉसची गोष्ट सांगत होते. 1982 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये हा माणूस एकुलत्या एका चिपवरून उठला आणि मेन इव्हेंट जिंकला. शेवटच्या चिपांवर आलेला प्रत्येक जण ही गोष्ट सांगतो. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की कोण सांगतंय त्यावरून तो बाहेर पडणार हे ओळखावं. काका मात्र पडले नाहीत. अठ्ठ्यांच्या जोडीवर एकदा दुप्पट झाले, थोड्या वेळाने एक्का-दश्शीवर पुन्हा दुप्पट.

रात्री दोनच्या सुमाराला 32 जण उरले. चार टेबलं, प्रत्येकी आठ. एक जण बाहेर गेला की उरलेल्या सगळ्यांना पैसे, म्हणजे हा बबल. या तासाभरात माणसं जशी वागतात तशी एरवी वागत नाहीत. थोड्या चिपावाले वेळकाढूपणा करतात. तीन-दोनचे पत्तेसुद्धा मिनिटभर धरून विचार करत बसल्याचं सोंग. पाण्याची बाटली मागवतील, बूट बांधतील, कारण दुसऱ्या टेबलावर कोणी गेला तर यांचं काम फुकटात होतं. म्हणून या वेळी 'हँड फॉर हँड' असतं. चारही टेबलांवर एकेकच डाव वाटायचा, ज्याचा संपेल त्याने बाकीच्यांसाठी थांबायचं. कोणी ऑल-इन झालं, म्हणजे सगळ्या चिपा लावल्या, आणि समोरच्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले, तर पत्ते उघडायचे नाहीत. डीलरने उभं राहायचं आणि फ्लोअर मॅनेजर, म्हणजे निवाडा देणारा वरिष्ठ, येईपर्यंत हात मागे.

ब्लाइंड्स 5,000-10,000, आणि बिग ब्लाइंडवाल्याने वर 10,000 अँटी, म्हणजे आणखी एक सक्तीची रक्कम, द्यायची. काकांसमोर 2,40,000, म्हणजे सरासरीपेक्षा किंचित वर. बिग ब्लाइंडवर सीट 8, काळी हुडी घातलेला दिल्लीकडचा मुलगा, 1,95,000.

काकांपर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले. काकांनी आपल्या दोन पत्त्यांचा कोपरा उचलून बघितला, खाली ठेवला, आणि 25,000 ची एक चिप पुढे सरकवली. चिप टेबलाला लागली. मग ते म्हणाले, "रेज."

नियम असा आहे: एकच मोठी चिप न बोलता टाकली तर तो कॉल, मग तिची किंमत काहीही असो. रेज करायचं, म्हणजे रक्कम वाढवायची असेल तर चिप टेबलाला टेकण्याआधी तोंडाने सांगावं लागतं. मी म्हटलं, "कॉल. टेन थाउजंड," आणि 15,000 ची मोड त्यांच्याकडे सरकवली.

"अहो, रेज म्हणालो ना!" काका मराठीतच म्हणाले.

हुडीवाल्याने तेवढ्यासाठी हेडफोन काढला. "चिप पहले गिरी. रूल है."

मी फ्लोअरला बोलावलं. अशा वेळी डीलरने मत द्यायचं नसतं, घडलं ते सांगायचं. मी सांगितलं: चिप टेकली, नंतर शब्द आला. फ्लोअर मॅनेजरने दोन सेकंदांत निर्णय दिला, कॉलच. काकांचे कान लाल झाले होते. "हे म्हणजे..." एवढंच म्हणून ते गप्प बसले. त्यांच्याबद्दल वाईट वाटलं हे खरं, पण निर्णय बरोबर होता. हा नियम कोणाला अडकवायला केलेला नाही. आधी चिप टाकायची, समोरच्याचा चेहरा वाचायचा आणि मग सोयीचं बोलायचं, ही पळवाट तो बंद करतो. काका त्यातले नव्हते, पण नियमाला माणूस दिसत नाही.

स्मॉल ब्लाइंडने टाकले. हुडीवाल्याने बोटांनी टेबल ठोकलं, चेक, म्हणजे काही न वाढवता पुढे. फुकटात आत आला.

मध्ये सगळ्यांचे मिळून पाच पत्ते येतात, आपले दोन आणि हे पाच यांतून सर्वांत चांगले पाच धरायचे. एक पत्ता बाजूला टाकून मी फ्लॉप, म्हणजे त्यातले पहिले तीन, उघडला: किलवरची राणी, इस्पिकची नव्वी, चौकटची चव्वी. मुलगा चेक. काकांनी 20,000 लावले, यावेळी स्पष्ट बोलून, चिपा टाकण्याआधी, जरा जास्तच मोठ्याने. मुलाने 60,000 केले. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "ऑल-इन." चिपा सगळ्या तशाच होत्या, फक्त शब्द. "कॉल," तो मुलगा म्हणाला, काकांचा शब्द पुरता संपायच्या आत.

मी उभी राहिले. दोन टेबलांचे डाव संपले होते, तिसऱ्यावर कोणीतरी अजून विचार करत होतं. ती दोन-तीन मिनिटं. काकांनी खिशातलं पेन काढून परत खिशाला लावलं. मुलगा चिपांचा एक छोटा ढीग एका हाताने दोन भागांत करायचा, परत एकात मिसळायचा, पुन्हा दोन; चिपांची ती टकटक सोडली तर टेबलावर आवाज नव्हता. बाकीच्या टेबलांवरची माणसं खुर्च्या सोडून आमच्याभोवती जमली. जो तो वाकून दोघांच्या चिपा मोजत होता. कोणीही यातल्या एकाच्याही बाजूचं नव्हतं. कोणीतरी जावं, एवढंच सगळ्यांना हवं होतं.

फ्लोअरने खूण केली. पत्ते उघडले. काकांकडे एक्क्यांची जोडी, 221 डावांत सरासरी एकदा मिळणारी. मुलाकडे किलवरची नव्वी आणि बदामची चव्वी. दोन जोड्या. काका खुर्चीत मागे टेकले. काकांचा 'रेज' मान्य झाला असता तर हे नव्वी-चव्वी केव्हाच टाकलेल्या पत्त्यांत गेलं असतं, हे टेबलावरच्या प्रत्येकाला एकाच वेळी कळलं. मागून कोणीतरी "अंकल..." म्हणून हळहळलं.

टर्नला, म्हणजे मधला चौथा पत्ता, इस्पिकची छक्की. आता उरलेल्या 44 पत्त्यांपैकी आठच काकांच्या कामाचे: दोन एक्के, तीन राण्या, तीन छक्क्या. राणी किंवा छक्की आली तर बोर्डवर, म्हणजे मधल्या पत्त्यांतच, जोडी लागते, मुलाची चव्व्यांची जोडी निकामी होते आणि एक्के पुढे जातात. शंभरात अठरा. हा हिशोब मी त्या क्षणी करत नाही, पण हातांना तो ठाऊक असतो.

पत्ता बाजूला टाकला, रिव्हर, म्हणजे शेवटचा पाचवा पत्ता, उलटला. बदामची राणी.

काही जणांना पटकन कळलंच नाही. मुलाच्या दोन जोड्या अजून दिसत होत्या ना समोर. मला मोठ्याने म्हणावं लागलं, "एसेस अँड क्वीन्स." मी पॉट काकांकडे लोटला. चिपा मोजल्या, काका 4,40,000 वर. माइकवर घोषणा झाली, उरलेल्या 31 जणांनी टाळ्या वाजवल्या. या टाळ्या मला आजही आवडत नाहीत. त्या जिंकल्याच्या नसतात.

मुलगा उठला, बॅग खांद्याला लावली. माझ्याकडे बघून म्हणाला, "मॅडम, एक ही काम था आपका." मग काकांशी हात मिळवला. "वेल प्लेड" म्हणाला, आणि चांगलं खेळलं गेलं नव्हतं हे तिघांनाही माहीत होतं.

बबल फुटला की माणसं सैल सुटतात, पटापट बाहेर जातात. काकांचंही तेच झालं. अर्ध्या तासाने त्यांनी एक्का-राजावर हैदराबादच्या एका बाईंच्या गुलामांच्या जोडीविरुद्ध बहुतेक चिपा घातल्या. तो डाव जवळजवळ नाणेफेकीचाच, किंचित गुलामांच्या बाजूने. एक्काही आला नाही, राजाही नाही. उरलेलं पुढच्या दहा मिनिटांत संपलं. 27 वा नंबर. पंचविसाव्यापर्यंत बक्षीस सारखंच होतं, 36,000, त्यातून टीडीएस. दोन एंट्र्यांचे 40,000 त्यांनी आधीच भरले होते. पैसे मिळाले आणि तोटाही झाला, टूर्नामेंटमध्ये हे नेहमीचं आहे.

माझा ब्रेक होता. काका पेआउट काउंटरवर पॅन कार्डाची झेरॉक्स देऊन डेकवर चहा घेत उभे होते. आता ते खेळात नव्हते, त्यामुळे मराठीची अडचण नव्हती.

"कुडाळ," मी म्हटलं. "मगाशी विचारलंत ना."

"अस्सं होय." मग लगेच, "बरं मला सांग, मी आधी रेज म्हणालो असतो तर?"

"तर त्याने टाकले असते. नव्वी-चव्वीवर कोण थांबतंय."

"मग मला किती मिळाले असते?"

"ब्लाइंड्स आणि अँटी. पंचवीस हजार."

त्यांनी थोडा वेळ हिशोब केला. "आणि तो पोरगा अजून बसलेला असता. त्यानेच नियम काढला ना?" ते हसले, मग हसणं थांबवून म्हणाले, "पण मला ते पटलेलं नाही हां. मी म्हणालो होतो रेज." आणि पुढे पाच मिनिटं चिप कशी टेकली, तोंड केव्हा उघडलं, हे कपाच्या कडेवर बिस्किट आपटून मला दाखवत राहिले. मी मान डोलावली. दाखवतानाही बिस्किट आधी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोट्या फीचा इव्हेंट होता. नव्या पॅकमधले पत्ते टेबलावर पंख्यासारखे पसरून ठेवले होते आणि मी ते दोन्ही हातांनी घोळायला घेणार, तोच सीट 3 वर काळी हुडी येऊन बसली.

"मॅडम, आज क्वीन मत देना."

मी काही बोलले नाही. दुसऱ्या लेव्हलला त्याने "रेज" असं मोठ्याने सांगून मग चिपा टाकल्या. सगळ्यांनी पत्ते टाकले. त्याने आपले उलटून दाखवले, राण्यांची जोडी, आणि 100-200 चे ब्लाइंड्स ओढून घेतले.